व्हॅक्यूम क्लीनरची मागची बाजू

ॲलर्जीच्या चाचणीसाठी मुलीच्या डाव्या हाताच्या आतल्या बाजूवर बॉलपेनने अकरा आकडे लिहिले होते आणि प्रत्येक आकड्याशेजारी एकेक थेंब टाकून तेथे बारीक सुईने टोचले होते. त्यानंतर पंधरा मिनिटे हात न हलवता आणि मुख्य म्हणजे न खाजवता बसायचे होते; दहा वर्षांच्या मुलीला टोचण्यापेक्षा तेच अधिक अवघड गेले. हिस्टामिनच्या थेंबाखाली गांध उठली. ती उठणारच होती, कारण चाचणी नीट होते आहे की नाही हे पाहण्यासाठीच तो थेंब असतो. सलाइनच्या थेंबाखाली काहीच उठले नाही. गाजरगवताच्या परागांखाली आणि झुरळाच्या आकड्यापाशी किरकोळ लाली आली. धुळीतल्या माइट नावाच्या सूक्ष्म जीवाच्या दोन आकड्यांपुढे मात्र पांढुरक्या, कडेने लाल अशा टपोऱ्या गांधी उठल्या आणि डॉक्टरांनी पारदर्शक पट्टीने मोजून कागदावर सात मिलिमीटर आणि सहा मिलिमीटर असे लिहिले. सलाइनच्या जागेपेक्षा तीन मिलिमीटर किंवा त्याहून मोठी गांध आली की चाचणी सकारात्मक धरतात. या चाचणीसाठी आधी आठवडाभर ॲलर्जीची गोळी बंद ठेवावी लागली होती. त्या आठवड्यातल्या शिंका अजून आमच्या लक्षात आहेत.

डॉक्टरांनी विचारले, "घरात झाडू मारता की पुसून घेता?" आम्ही म्हणालो, दोन्ही. त्यावर ते म्हणाले, "कोरडा झाडू बंद करा. गाद्या-उशांना पूर्ण बंद होणाऱ्या खोळी घाला, चादरी-अभ्रे दर आठवड्याला साठ अंशांच्या पाण्यात धुवा, आणि जमले तर एक चांगला व्हॅक्यूम क्लीनर घ्या." चांगला म्हणजे कसा, हे विचारण्याचे मला त्या वेळी सुचले नाही. पुढचे दहा महिने आणि दोन यंत्रांचे पैसे त्या एका शब्दापायी गेले.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. त्यामुळे यंत्र निवडणे आपल्याला सोपे जाईल असा माझा समज होता आणि त्या समजाच्या भरात मी पहिले यंत्र अवघ्या दोन संध्याकाळी संगणकापुढे बसून निवडले. सोळाशे वॉट, बॅग नसलेले, पारदर्शक डब्यात धूळ गरगर फिरवून खाली पाडणारे, खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'हेपा' (अगदी बारीक कण अडवणारी गाळणी) असे छापलेले आणि सवलतीत मिळणारे. माझ्या पत्नीने खोके उघडतानाच विचारले, "हा डबा रिकामा कुठे करायचा?" गॅलरीत, असे मी सहज सांगून टाकले. सगळ्या प्रकरणातला नेमका प्रश्न तिने पहिल्याच दिवशी विचारला होता, हे मला ऑक्टोबरात कळले.

सुरुवातीचे तीन महिने आम्ही त्या यंत्रावर खूश होतो. आमचे घर कोथरूडमधल्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे आणि शेजारची इमारत पुनर्विकासासाठी पाडलेली असल्यामुळे खिडकीच्या कठड्यावर सकाळी पुसले तरी दुपारी बोट फिरवून नाव लिहिता येते. अशा घरात पारदर्शक डबा भरताना पाहणे हे एक प्रकारचे समाधानच असते. डब्यात वर केस आणि दोऱ्यांचा राखाडी पुंजका जमत असे आणि तळाशी उदबत्तीच्या रक्षेसारखी, बोटांत घेतली तर जाणवूही नये इतकी मऊ पूड. त्या पुडीकडे मी फारसे लक्ष दिले नाही. खरा मामला तिचाच होता.

माइट हा प्राणी जेमतेम पाव मिलिमीटरचा. नुसत्या डोळ्यांना तो न दिसल्यातच जमा. माणसाच्या अंगावरून झडणारी कातडी त्याचे अन्न आणि हवेतला दमटपणा हे त्याचे पाणी. पाणी पिण्यासाठी त्याला तोंड लावावे लागत नाही, तो ते हवेतून शोषून घेतो. म्हणूनच हवेची सापेक्ष आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली राहिली की तो वाळून मरतो आणि पुण्याच्या पावसाळ्यात त्याला सुगीचे दिवस येतात. ॲलर्जी होते ती मुख्यतः त्याच्या विष्ठेतल्या प्रथिनांची. विष्ठेचा एकेक कण साधारण दहा ते चाळीस मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, म्हणजे जवळपास परागकणाएवढा, आणि तो वाळून फुटला की त्याचे आणखी बारीक तुकडे होतात. हे कण तुलनेने जड असल्यामुळे हवेत फार वेळ तरंगत नाहीत. गादी झटकली, कोणी सोफ्यावर धपकन बसले, की ते उडतात आणि थोड्या वेळात पुन्हा खाली बसतात. जिवंत माइट मात्र धाग्यांना घट्ट धरून राहतात, त्यामुळे व्हॅक्यूम क्लीनरने ते फारसे निघत नाहीत. निघते ती त्यांची घाण आणि त्यांचे अन्न. तेवढे निघाले तरी पुरेसे, असे मानूनच या यंत्राकडे पाहावे लागते.

हे वाचल्यावर मी एका रविवारी घरभर फिरून धूळ कोठे आहे याची नोंद केली. परदेशी माहिती वाचली तर तीत भिंतीपासून भिंतीपर्यंतच्या गालिचांविषयी पानेच्या पाने असतात. कोणता फिरता ब्रश गालिचाच्या लवेत किती खोल जातो, यावर यंत्रांचे गुण ठरवलेले असतात. आमच्याकडे मोझेकची फरशी आहे. फरशी ओल्या फडक्याने पुसली की तिच्यावरची धूळ निघून जाते, त्यासाठी यंत्राची गरजच नाही. आमची धूळ होती ती दोन पलंगांवरच्या गाद्यांत, उशांत, कापडी सोफ्याच्या फटींत, पलंगाखालच्या पेटीतल्या ब्लँकेटांत, जाड पडद्यांच्या चुण्यांत आणि आईच्या गादीत. आईची गादी कापसाची, पिंजाऱ्याने भरलेली, माझ्या लग्नाच्या आधीची. मुलगी दुपारी शाळेतून आली की त्याच गादीवर लोळत पुस्तक वाचत असे. म्हणजे मला हवे होते ते गादी झाडणारे यंत्र आणि मी घेतले होते ते गालिचा झाडणारे.

जुलैत पहिला घोटाळा झाला. यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत गाळणी पाण्याखाली धुवावी आणि चोवीस तास वाळू द्यावी, असे लिहिले होते. ज्याने ते लिहिले त्याने पुण्यातला जुलै पाहिलेला नसावा. दोन दिवस पंख्याखाली ठेवूनही घड्यांच्या तळाशी ओल होतीच. तिसऱ्या दिवशी मी कंटाळून ती तशीच बसवली. आठवड्याभरात यंत्र सुरू केले की ओल्या पोत्यासारखा वास खोलीभर पसरू लागला. गाळणी काढून उजेडात धरली तर कागदाच्या घड्यांच्या आत काळसर ठिपक्यांची रांग दिसली. बुरशी हेही ॲलर्जीचे कारण असते. म्हणजे धूळ काढण्यासाठी आणलेले यंत्र आता दुसरीच गोष्ट घरभर फवारत होते. नवी गाळणी मागवली, ती यायला पाच आठवडे लागले आणि तोवर ते यंत्र खोक्यात पडून राहिले.

दुसरा प्रसंग दिवाळीच्या साफसफाईतला. मी गॅलरीत डबा घेऊन गेलो, कचऱ्याच्या पिशवीत धरला आणि कळ दाबली. खालचे झाकण फटकन उघडले, पुंजका पिशवीत पडला आणि ती रक्षेसारखी पूड मात्र पिशवीच्या तोंडातून वर उसळून माझ्या हातावर, चष्म्यावर आणि वाऱ्याबरोबर सरळ घरात आली. मुलगी गॅलरीच्या दारातच उभी होती. सलग वीस-पंचवीस शिंका मी मोजल्या, मग मोजणे सोडून दिले. रात्री तिची छाती भरली आणि इनहेलर द्यावा लागला. आठवडाभर गाद्यांतून ओढून काढलेली सगळी घाण मी एका क्षणात तिच्या तोंडावर उधळली होती. पत्नी काहीच बोलली नाही, हे अधिक लागले.

या यंत्राच्या घरगुती रूपाचा जन्मच एका दमेकऱ्याच्या हातून झाला आहे, हे मला त्या रात्री वाचता वाचता कळले. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या कँटन गावी जेम्स मरे स्पँग्लर नावाचा एक मनुष्य एका मोठ्या दुकानात झाडलोट करत असे. गालिचे झाडताना उडणाऱ्या धुळीने आपला दमा वाढतो, असे त्याच्या लक्षात आले, म्हणून १९०७ मध्ये त्याने पंख्याची मोटर, लाकडी पेटी आणि झाडूचा दांडा जोडून हातात धरता येईल असे विजेवर चालणारे यंत्र केले, १९०८ मध्ये त्याचे पेटंट घेतले आणि पुढे त्याचे हक्क हूव्हर या चामड्याच्या वस्तू करणाऱ्या व्यावसायिकाला विकले. धूळ साठवण्यासाठी त्याने यंत्राच्या मागे काय लावले होते? उशीचा अभ्रा. अभ्र्याच्या विणीतून आमच्या डब्यातली ती पूड किती सहज बाहेर पडत असेल, याची मी कल्पना करू शकतो. तोंडाने ओढून घेतलेली धूळ मागून सुटते, ही अडचण या यंत्राला अशी पहिल्या दिवसापासून चिकटलेली आहे, आणि मी मात्र यंत्राच्या तोंडाकडेच पाहत होतो.

त्यानंतर मी निवडीचा सगळा विचार उलट बाजूने सुरू केला: हवा कोठून बाहेर पडते, ती बाहेर पडण्याआधी कशातून जाते, आणि धूळ यंत्रातून काढताना माझ्या हाताला लागते की नाही.

वॉटचा मोह प्रथम सुटला. खोक्यावरचे वॉट म्हणजे मोटर किती वीज खाते याचा आकडा आहे. त्यावरून ओढ ठरवणे म्हणजे सिलिंडर किती दिवसांत संपतो यावरून स्वयंपाकाची चव ठरवणे. ओढीचा दाब सांगणारा किलोपास्कलचा आकडा त्याहून बरा असला तरी तो नळीचे तोंड पूर्ण बंद करून मोजलेला असतो. उसाच्या रसाच्या ग्लासातली नळी खालून बोटाने बंद करून ओढली तर गाल आत जातात, पण रस येत नाही. धूळ वाहून न्यायला दाबाबरोबर वाहती हवाही लागते, आणि या दोन्हींचा मिळून विचार करणारा जो 'एअर वॉट' नावाचा आकडा असतो तो आपल्याकडच्या बहुतेक खोक्यांवर मला आढळला नाही.

हेपा या शब्दाचे प्रकरण अधिक मनोरंजक आहे. अशा गाळण्या १९४० च्या दशकात अमेरिकेच्या अणुबाँब प्रकल्पात किरणोत्सारी कण अडवण्यासाठी विकसित झाल्या. अमेरिकी व्याख्येनुसार ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडले पाहिजेत. युरोपीय मानकात एच-१३ हा वर्ग असून त्यात सर्वांत निसटत्या आकाराचे ९९.९५ टक्के कण अडावे लागतात. ०.३ मायक्रॉनच्या आसपासचाच आकार का, असे माझे विद्यार्थीही विचारतात. त्याहून मोठे कण धाग्यांवर आदळून अडतात आणि त्याहून लहान कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे भटकताना धाग्याला चिकटतात. या दोहोंच्या मधले कण अडवणे सर्वांत कठीण. मात्र 'हेपा टाइप' किंवा 'हेपासारखी' असे छापायला कोणतेच मानक आड येत नाही, आणि माझ्या पहिल्या यंत्राच्या खोक्याच्या कडेला, मोठ्या 'हेपा'च्या खाली मुंगीएवढ्या अक्षरांत 'टाइप' असे होतेच.

तरीही गाळणीचा वर्ग हा खरा प्रश्न नव्हे, हे मला हळूहळू पटले. माइटच्या विष्ठेचा कण दहा मायक्रॉनचा धरला तर त्यासाठी अणुबाँबच्या कारखान्यातली गाळणी लागत नाही, साधी बरी गाळणीही तो अडवते. हवा मात्र नेहमी सोपी वाट शोधते. गाळणीची चौकट आणि यंत्राचे शरीर यांच्यामध्ये केसाएवढी फट असली तर धुळीची हवा गाळणीला वळसा घालून त्या फटीतून बाहेर पडते आणि मग ९९.९५ काय किंवा ९९.९७ काय, दोन्ही सारखेच. दुसरे असे की अनेक यंत्रांत गाळणी फक्त मोटरच्या आधी असते. अशा मोटरमधले कार्बन ब्रश, म्हणजे तिच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे, झिजतात आणि त्यांची काळी पूड थेट बाहेर येते. म्हणून मोटरनंतरही एक गाळणी हवी आणि तिच्याभोवती रबराची सलग ओठासारखी कड हवी.

नोव्हेंबरात एका कंपनीचा विक्रेता घरी प्रात्यक्षिक दाखवायला आला. दारोदार जाऊन व्हॅक्यूम क्लीनर विकण्याची आपल्याकडची ती जुनी पद्धत आहे आणि त्यातला काळ्या कापडाचा खेळ माझ्या लहानपणापासून बदललेला नाही. त्याने नळीत काळ्या कापडाची चकती बसवली, आईच्या गादीवर दहा सेकंद फिरवली, काढली. चकतीवर पांढुरका गोल. दुसरी चकती, दुसरा गोल. बघता बघता पलंगावर अशा चकत्यांची रांग लागली आणि आईच्या चेहऱ्यावर अपराधीपणा दिसू लागला. "अरे, मी दर वैशाखात गच्चीवर ऊन दाखवते रे गादीला," ती मला म्हणाली. मी त्याला त्याच जागी पुन्हा पुन्हा नळी फिरवायला लावली. नवव्या चकतीवरही गोल उमटलाच. कापसाच्या गादीतून कापसाची भुकटी येतच राहते. त्या चकत्यांवरून गादी घाण आहे हे ठरत नाही आणि यंत्र चांगले आहे हेही ठरत नाही.

मग मी माझी चाचणी घेऊ का, असे त्याला विचारले. पडदे ओढले, दिवे मालवले, मुलीला शेजाऱ्यांकडे पाठवले आणि जिथून हवा बाहेर पडते त्या जाळीच्या बाजूने टॉर्चचा झोत आडवा धरला. वर्गात मी दुधाचे दोन थेंब पाण्यात टाकून जे दाखवतो तेच हे: झोताच्या वाटेत कण आले की प्रकाश विखुरतो आणि झोत दिसू लागतो. खोलीतल्या हवेत नेहमीचे चार-दोन ठिपके तरंगत होते. त्याने नळीने फरशीवरची चमचाभर टाल्कम पावडर ओढून घेतली आणि जाळीपुढे झोतात धुराच्या वेटोळ्यासारखे काहीतरी हलले. "नवीन मशीनला थोडं येतंच, सर," तो म्हणाला. तो बिचारा सज्जन होता. चहा घेऊन, चकत्या गोळा करून गेला.

बाकीचे प्रकार मी फार न रेंगाळता बाजूला केले. आपोआप फिरणारा रोबो पलंगावर चढत नाही, तेवढे एक कारण मला पुरले. बॅटरीवर चालणारी काठीसारखी यंत्रे हलकी आणि सोयीची असतात, पण मी पाहिलेल्यांपैकी बरीच पूर्ण ओढीवर दहा-बारा मिनिटांत दमत होती आणि शिवाय त्यांचाही डबा उपडाच करायचा. पाण्यातून धूळ गाळणारे एक अवजड यंत्र एका मित्राकडे पाहिले; ते काम करते, पण प्रत्येक वापरानंतर गढूळ पाणी ओतून, भांडे धुऊन, वाळवावे लागते, आणि जुलैचा अनुभव गाठीशी असताना मला घरात आणखी एक ओली वस्तू नको होती. उरला तो जुन्या धाटणीचा, चाकांवर ओढायचा, आत बॅग असलेला प्रकार.

त्यातही आपल्याकडे एक मेख आहे. कित्येक यंत्रांबरोबर कापडी बॅग येते, ती झटकून पुन्हा वापरायची असते, आणि विक्रेते हा तिचा गुण म्हणून सांगतात. ॲलर्जीच्या घरात तो दोष आहे. ती झटकणे म्हणजे माझ्या गॅलरीतल्या प्रसंगाचीच पुनरावृत्ती. मला हवी होती ती न विणलेल्या कापडाच्या अनेक थरांची, एकदा भरली की फेकून देण्याची बॅग, जिच्या पुठ्ठ्याच्या तोंडाला सरकते झाकण असते. कर्वे रस्त्यावरच्या एका दुकानात अशी दोन यंत्रे होती. दुकानदाराने विजेला लावून दाखवायला नकार दिला, म्हणून मी निदान मागचे झाकण उघडून पाहू दिले तरच घेईन म्हणालो. पहिल्या यंत्रात गाळणी चौकटीत नुसती सरकवलेली होती, बोटाने हलवली तर खडखडत होती. दुसऱ्यात गाळणीच्या चारही बाजूंनी करंगळीच्या नखाएवढी रुंद, मऊ रबराची कड होती आणि झाकण लावताना डब्याचे झाकण बसावे तसा दबका आवाज आला. गाळणीवरच एच-१३ असे छापलेले होते.

दुकानदाराच्या मते ते यंत्र 'कमी ताकदीचे' होते, कारण त्याची मोटर साडेआठशे वॉटची होती. युरोपीय संघाने सप्टेंबर २०१७ पासून घरगुती व्हॅक्यूम क्लीनरच्या विजेवर नऊशे वॉटची मर्यादा घातली, त्यामुळे त्या बाजारासाठी बनणाऱ्या यंत्रांना कमी विजेत तेच काम करावे लागते. आमच्यासाठी त्याचा एक वेगळाच फायदा होता. जुन्या इमारतीत झोपायच्या खोल्यांत सहा अँपिअरचेच प्लग आहेत. सोळा अँपिअरचा मोठा प्लग फक्त स्वयंपाकघरात. सोळाशे वॉटचे पहिले यंत्र २३० व्होल्टला सुमारे सात अँपिअर खेचत असे, म्हणून स्वयंपाकघरातून जाड वायर ओढत पलंगापर्यंत न्यावी लागे आणि तिला अडखळून आई एकदा पडता पडता वाचली होती. साडेआठशेला चार अँपिअरहून कमी लागतात. पलंगाशेजारचा प्लग चालतो. दुकानदाराला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "घ्या मग, कोणी नेतच नाही ते."

डिसेंबरात ते घरी आले. साडेपाच किलो वजन, साडेतीन लिटरची बॅग, किंमत पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट. पहिल्याच रात्री टॉर्चची चाचणी घेतली. जाळीपुढे झोत जसा होता तसाच राहिला. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना ते पसंत पडले नाही. "दादा, हे भूत ओरडतं फार आणि काम करतं कमी," असे त्यांचे मत आहे आणि फरशीपुरते ते चूकही नाही. म्हणून फरशी त्या ओल्या फडक्याने पुसतात, कोरडी केरसुणी आता फक्त गॅलरीपुरती उरली आहे आणि यंत्र मी वापरतो.

शनिवारी सकाळी मुलगी पोहायला गेली की मी मास्क लावून गाद्यांना लागतो. घाईने नळी मागेपुढे करून काही उपयोग होत नाही; गादीसाठीचे रुंद तोंड टेकवून वितभर अंतर सावकाश ओढायचे, मग अर्धे तोंड आधीच्या पट्ट्यावर राहील असे पुढे सरकायचे. एका गादीच्या एका बाजूला दहा मिनिटे लागतात. ओढ पूर्ण ठेवली तर तोंड खोळीला चिकटून बसते, म्हणून ती मध्यम ठेवतो. त्यानंतर सोफ्याच्या फटी, पलंगाचे कोपरे, पडद्यांचा वरचा काठ. यंत्र बंद झाल्यावर खिडक्या उघडून तासभर तरी मुलीला त्या खोलीत येऊ देत नाही, कारण यंत्र कितीही चांगले असले तरी गादीवर नळी फिरवताना काही धूळ उडतेच.

आईच्या गादीवरून वाद झाला आणि तो कोणीच जिंकला नाही. ती टाकून द्यायला आई तयार नव्हती. पुन्हा पिंजून घेऊ, असे ती म्हणाली. पिंजताना उडणारी धूळ आठवून मी नको म्हणालो. शेवटी तिची वैशाखातली पद्धत आणि माझे यंत्र यांची सांगड घातली. कोरड्या उन्हाने माइट वाळून मरतात, म्हणजे आईचे अर्धे बरोबर होते. पण मेलेल्यांची आणि त्यांच्या विष्ठेची प्रथिने उन्हाने जात नाहीत, ती ओढूनच काढावी लागतात. म्हणून एप्रिल-मेमध्ये गादी गच्चीवर दोन्ही बाजूंनी तापते, तिथेच बडवली जाते, खाली आल्यावर मी तिच्यावर यंत्र फिरवतो आणि मग ती चेन असलेल्या घट्ट विणीच्या खोळीत जाते. मुलीने दुपारी तिच्यावर लोळायचे नाही, हा नियम केला आहे. तो आजी आणि नात दोघी मिळून मोडतात.

फरक पडला का, असे लोक विचारतात. सकाळच्या शिंका कमी झाल्या आहेत आणि हिवाळ्यात इनहेलर लागला नाही. नाकातला स्प्रे चालूच आहे, आणि पावसाळ्यात डॉक्टरांना गोळी पुन्हा सुरू करावी लागली. शिवाय खोळी, गरम पाण्याची धुलाई आणि नवे यंत्र हे सगळे महिन्याभराच्या अंतराने सुरू झाल्यामुळे कोणामुळे किती, हे भौतिकशास्त्राच्या शिक्षकालाही सांगता येणार नाही. दम्यासाठी माइट कमी करण्याच्या उपायांच्या अनेक चाचण्या एकत्र तपासणारा, कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा २००८ चा आढावा मी नंतर वाचला. त्याला या उपायांचा फायदा दिसला नव्हता. यंत्र घेण्याआधी तो वाचला असता तर कदाचित मी पैसे वाचवले असते, पण झाडू बंद करून कापडी सोफ्याचे काय केले असते, ते मला सांगता येत नाही. औषध हे औषध आणि झाडलोट ती झाडलोट. मी घेतले आहे ते झाडलोटीतून होणारा त्रास कमी करणारे यंत्र.

पहिली बॅग अकरा आठवड्यांनी बदलली. सरकते झाकण बंद केले, ती उचलून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली, चारशे दहा ग्रॅम भरली, आणि सुक्या कचऱ्यात टाकली. हाताला काही लागले नाही. बॅगांचा प्रश्न मात्र आहे. एक बॅग दोनशे रुपयांच्या आसपास पडते, दुकानात विचारले की "पुढच्या आठवड्यात येतील" असे सांगतात आणि तो आठवडा अडीच महिन्यांचा असतो. म्हणून यंदा मी दहा बॅगा एकदम मागवल्या. त्या माळ्यावर, पहिल्या यंत्राच्या रिकाम्या खोक्यात ठेवल्या आहेत. यंत्र आम्ही ॲलर्जी नसलेल्या एका स्नेह्यांना देऊन टाकले, खोके तेवढे राहून गेले होते.